हात तुमचे, पाय माझे

मास्तरांनी स्वतः गाडी चालवताना आयुष्यात कधी फोन उचलला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, "असेल हो सवय." नव्हती. स्टिअरिंगसमोर बसले की फोन समोरच्या खणात टाकायचे आणि खणाला किल्ली फिरवायचे. बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं त्या दिवशी सासऱ्यांनी अठरा वेळा फोन लावला होता. अठराही खणात वाजले. सासरेबुवांनी वर्षभर अबोला धरला. मास्तर म्हणायचे, "वर्षभर किती शांतता होती घरात!"

मी त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर सोळा वर्षं बसले. काउंटर म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि कोपऱ्यात मधोमध कापलेलं एक जुनं इंजिन, ज्याच्यावर येणारा-जाणारा छत्री टांगायचा. दोन गाड्या, त्यातली एक कायम गॅरेजमध्ये. शिकवणारे एकटे मास्तर. फॉर्म भरणं, फोटो चिकटवणं, परीक्षेच्या तारखा घेणं आणि कोणाचा क्लास किती वाजता ते बसवणं माझ्याकडे. मास्तर मला 'कंट्रोल रूम' म्हणायचे. कौतुकाने नाही, वैतागून.

चोवीस वर्षांत त्यांनी निम्मं गाव शिकवलं. त्यांच्या शेजारी बसून बाजारातून जायचं म्हणजे मिरवणूकच. समोरून ॲम्ब्युलन्स आली तरी तिचा ड्रायव्हर भोंगा चालू ठेवून यांना नमस्कार करायचा. विद्यार्थ्यांना ते त्यांच्या खोडीवरून नावं ठेवायचे. स्टिअरिंग आवळून धरणारी 'गळाभेट', दर खड्ड्याला डोळे मिटणारा 'प्रार्थना', आरशात फक्त स्वतःला बघणारा 'नवरदेव'. कुणाला राग यायचा नाही, कारण माणूस कधी ओरडत नसे. गिअर बदलायचा असला की बोटातल्या अंगठीने डॅशबोर्डवर एक टकटक करायचे, बस्स.

आणि त्यांची एक पद्धत होती. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, खालून सळयांनी जोडलेले. दुसरे मास्तर पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याच्या गळ्यात सगळं एकदम बांधतात. मग गाडी बेडकासारखी उड्या मारते आणि माणूस घाबरून पुन्हा येत नाही. आमच्या मास्तरांचं सूत्र वेगळं होतं. पहिले सात दिवस, "हात तुमचे, पाय माझे." विद्यार्थ्याने फक्त स्टिअरिंग धरायचं. पाचव्या दिवशी ॲक्सिलेटर हलकेच द्यायचा. ब्रेकला मात्र शिवायचंही नाही. ब्रेक मास्तरांचा. आठव्या दिवशी ते दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घालायचे आणि म्हणायचे, "आजपासून तुम्ही अनाथ." त्यांच्याकडची माणसं पहिल्या झटक्यात परीक्षा पास व्हायची ती यामुळेच.

आता चूक कुठे झाली ते सांगते. शेजारच्या सीटवर बसलं की मास्तर फोन मांडीवर ठेवायचे. वाजला की उचलायचे, मेसेज आला की उत्तर द्यायचे. मी एकदा टोकलं होतं. ते म्हणाले, "अगं, मी कुठे चालवतोय? चालवतायत त्या." पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला फोनवर अर्धा तास व्याख्यान देणारा हा माणूस मनापासून असं समजायचा की आपण गाडी चालवत नाही. आणि खरं बोलायचं तर मला ते सोयीचं होतं. दिवसाला बारा-पंधरा जण वेळ बदलून मागायचे. मास्तरांना विचारल्याशिवाय बदलता यायची नाही. दोन मिनिटांत उत्तर आलं नाही की माझं डोकं फिरायचं, मी सरळ फोन लावायची. त्यांनी उचलला नाही असं सोळा वर्षांत झालं नाही.

चष्मेवाल्या बाई आमच्याकडे आल्या तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात त्या नंबर तपासायच्या आणि काड्या बसवून द्यायच्या. लग्न केलेलं नव्हतं, घरी म्हातारी आई. आईला आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात रक्त शुद्ध करून घ्यायला न्यावं लागायचं. भाऊ परदेशी गेला तेव्हा त्याची गाडी मागे ठेवून गेला होता आणि ती दोन वर्षं अंगणात कापडाखाली उभी होती. बाई म्हणाल्या, "घरात गाडी आहे आणि मी आईला घेऊन रस्त्यावर भाड्याच्या गाडीची वाट बघत उभी असते. स्वतःचीच लाज वाटते हो." मास्तर म्हणाले, "महिन्याभरात आईला फिरवून आणाल."

स्वभावाने त्या अगदी सरळ होत्या. सांगितलं तेवढंच करायच्या, ना जास्त ना कमी. तिसऱ्या दिवशी मास्तर मला म्हणाले, "अशी विद्यार्थिनी दहा वर्षांत बघितली नाही. पायाला सांगितलं गप्प बस, तर पाय गप्प बसतो."

सहाव्या दिवशी सकाळी सहा बावन्नला मी त्यांना मेसेज केला. पुढच्या विद्यार्थ्याला साडेसातऐवजी आठची वेळ हवी होती. 'चालेल का? लगेच सांगा, तो लाइनवर आहे.' पडद्यावर अक्षरं दिसली, मास्तर टाइप करतायत. मी बघत बसले. अक्षरं गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. मग काहीच नाही. मला राग आला. मी फोन लावला. दोनदा वाजला आणि कुणीतरी कापला.

तेवढ्या वेळात काय झालं होतं ते मला पुढे कळलं. कालव्याच्या कडेचा सरळ रस्ता. उजेड झालेला. कडेने एक बाई रस्ता झाडत होती, नारिंगी जाकीट घातलेली, लांबूनही दिसेल अशी. कचऱ्याची ढकलगाडी उभी होती म्हणून ती वळसा घालून रस्त्यावर आली. चष्मेवाल्या बाईंना ती दिसली. अगदी स्वच्छ दिसली. सहा दिवस समोर काही आलं की गाडी आपोआप हळू व्हायची, कारण ब्रेक मास्तरांचा होता. बाईंनी सातव्या दिवसापर्यंत जे करायला सांगितलं होतं तेच केलं. थांबल्या. गाडी हळू होण्याची वाट बघितली. ती झाली नाही. मग त्या "मास्तर!" असं ओरडल्या आणि पायाखाली जे होतं ते घाबरून पूर्ण दाबलं. पायाखाली ॲक्सिलेटर होता.

मास्तरांनी ब्रेक मारला तो त्यानंतर. गाडी थांबली तेव्हा ढकलगाडी पुढच्या चाकात अडकली होती आणि झाडणाऱ्या ताई कालव्याच्या कठड्यापाशी पडल्या होत्या. सीटखाली पडलेला मास्तरांचा फोन वाजत होता. त्यांनी आधी वाकून तो शोधला, बंद केला आणि खिशात घातला. मग दार उघडलं. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, पण तीन महिन्यांनी.

झाडणाऱ्या ताई अकरा दिवस हॉस्पिटलात होत्या. शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. बाहेरच्या बाकावर त्यांची एकुलती मुलगी बसलेली असायची, विशीची, मांडीवर आईच्या चपलांची पिशवी घेऊन. बाराव्या दिवशी बाक रिकामा दिसला.

पोलिसांनी जबाब घेतला. मास्तरांनी सांगितलं, शिकाऊ चालकाने घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर दाबला. फोन? खिशात होता. चौकीतल्या साहेबांनी लिहून घेतलं. त्यांचाही भाऊ मास्तरांकडेच शिकला होता. पुढे काही विचारलं नाही. चष्मेवाल्या बाईंनीही तेच सांगितलं, रडत रडत. "मीच दाबला. माझ्याच पायाने दाबला." गुन्हा त्यांच्या नावावर नोंदला गेला. मास्तर साक्षीदार. म्हटलं तर त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त अर्धंच सांगितलं होतं, आणि मारणारा अर्धा भाग गिळला होता.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या फोनमध्ये वेळ होती, मेसेज होता. मी ती अक्षरं येताना-जाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. तरी मी तोंडातून ब्र काढला नाही. मास्तरांनीही नाही. आम्ही दोघं रोज समोरासमोर बसून चहा प्यायचो आणि हवापाण्याच्या गोष्टी करायचो. मनाला काय समजावत होते? की मास्तर देवमाणूस आहेत. की बाई तशाही सुटतील. खरं कारण एकच होतं. मेसेज मी केला होता आणि मला भीती वाटत होती. बस.

तीन महिन्यांनी, एका दुपारी चष्मेवाल्या बाई काउंटरवर आल्या. मी त्यांना आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, ओढणी खांद्यावरून घसरलेली, तिचं भान नाही. मला वाटलं कोर्टाचा काही कागद हवा असेल.

"मास्तर आहेत?" त्या म्हणाल्या. "मला एकदा त्या गाडीत बसायचंय. चालू करू नका. नुसतं बसते."

"कशाला हो, बाई?"

"मला बघायचंय माझा पाय कुठे होता. रात्रंदिवस तेच आठवून बघते. आठवत नाही नीट. वकील विचारतात, कोर्टात विचारतील. मी काय सांगू?"

मास्तर आतून आले. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी किल्ली उचलली आणि बाहेर जाऊन गाडीचं दार उघडून धरलं. गाडी दुरुस्त होऊन आली होती, नवा रंगही दिला होता. बाई बसल्या. चपला काढल्या. उजवा पाय ॲक्सिलेटरवर ठेवला, उचलला, ब्रेकवर नेला, परत आणला. असं चार-पाच वेळा केलं. रस्त्यावरची माणसं बघत होती. मग त्या खाली मान घालूनच म्हणाल्या, "इथेच होता. इतकं तर जवळ आहे. चार बोटांचं अंतर. मग मी तिकडे का नाही नेला, मास्तर? तुम्ही तर बघत होता ना? तुम्ही सांगा, मी का नाही नेला?"

मास्तर दाराला धरून उभे होते. ते म्हणाले, "होतं असं, बाई. शिकताना होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजही हे सांगताना जाते. बाई निघून गेल्या, तशी मी काउंटरचं दार लोटून घेतलं आणि मास्तरांना म्हटलं, "तुम्ही सांगताय का मी सांगू?"

"काय सांगू?"

"नाटकं करू नका. सहा दिवस तुम्हीच सांगत होतात ना, ब्रेकला हात, पाय काही लावायचं नाही म्हणून? त्यांनी लावला नाही. ज्याने लावायचा तो कुठे होता?"

मास्तर खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी टेबलावरची टाचणी इकडून तिकडे सरकवली. मग म्हणाले, "चोवीस वर्षं झाली. एक ओरखडा नाही. माझं लायसन्स जाईल गं. मला दुसरं काय येतं?"

"त्यांचं काय गेलंय ते बघितलंत ना आत्ता?"

"त्यांना शिक्षा होणार नाही. शिकाऊ आहेत. वकील म्हणतात—"

मी फोन काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वाचलं नाही. पाठच होतं बहुतेक. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मेसेज तू केला होतास."

हे कधीतरी कुणीतरी म्हणणार हे मला माहीत होतं. तीन महिने मी स्वतःला रोज म्हणत होते. तरी त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मी समोरच्या खुर्चीत बसले. मी म्हटलं, "हो. केला होता. म्हणूनच म्हणते, दोघं जाऊ."

त्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आले ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळे क्लास रद्द करायला सांगितले. घरी बायकोला रात्री सांगितलं होतं. ती काय म्हणाली ते मी विचारलं नाही. गाडी काढली नाही. आम्ही चालतच चष्म्याच्या दुकानात गेलो.

बाई एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा बारीक स्क्रू बसवत होत्या. तो बसवून होईपर्यंत आम्ही उभे राहिलो. गिऱ्हाईक गेलं. मास्तरांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. फोन मांडीवर होता, मान खाली होती, तुमची हाक ऐकली तेव्हा वर बघितलं. पाय ब्रेकवर नव्हता, गाडीच्या फरशीवर होता. मी सांगितलं, मेसेज माझा होता.

मला वाटलं होतं बाईंना बरं वाटेल. खरंच वाटलं होतं. ओझं उतरेल, रडतील, मोकळ्या होतील. माणूस स्वतःची सोय बघून दुसऱ्याचं मन रंगवतो, दुसरं काय. बाई रडल्या नाहीत. हातातला चिमटा खाली ठेवून त्या मास्तरांकडे बघत राहिल्या.

"अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आला होतात," त्या म्हणाल्या. "आईसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवलात. म्हणालात, मनाला लावून घेऊ नका. मी तुमच्या पाया पडले होते, मास्तर. माझ्यामुळे तुमच्या शाळेचं नाव गेलं म्हणून माफी मागितली होती."

बाईंनी चिमटा डबीत ठेवून डबी बंद केली.

"तुम्ही मागू दिलीत."

"चुकलो, बाई."

"गाडी विकली मी. पडेल त्या भावाने. आईला वाटतं मी माणूस मारला. ती माझ्याशी बोलते, पण हातचं पाणी घेताना आधी बघते माझ्याकडे." त्यांचा आवाज कुठेच चढला नाही. "मला कशाला सांगता? मी तिकडे पडले नव्हते. तिच्या मुलीला सांगा. आणि मला पुन्हा इथे दिसू नका. दोघंही."

तिथून पोलीस चौकी. साहेबांना ते ऐकायचंच नव्हतं. "मास्तर, प्रकरण मार्गी लागलंय, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?" मास्तर म्हणाले, "लिहा." माझा फोन साहेबांनी ठेवून घेतला. तीन दिवसांनी नवा जबाब नोंदवायला बोलावलं, तेव्हा झाडणाऱ्या ताईंची मुलगीही आली होती. आईच्या जागेवर तिला कामावर घेतलं होतं. ती ड्युटीवरूनच आली होती, अंगावर तसलंच नारिंगी जाकीट. मास्तरांनी तिला बघितलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले.

जबाब वाचून दाखवला गेला. साहेब वाचत होते, मुलगी ऐकत होती. ब्रेक, ॲक्सिलेटर, सळया, सात दिवस. तिने मध्येच काही विचारलं नाही. शेवटी साहेबांनी विचारलं, "तुला काही म्हणायचंय?"

तिने मास्तरांना विचारलं, "फोनवर काय बघत होता?"

मास्तरांच्या आधी मी बोलले. "माझा मेसेज होता. एका मुलाच्या क्लासची वेळ बदलायची होती. साडेसातच्या ऐवजी आठ."

"आठ," ती म्हणाली. तिला वाटत होतं पुढे अजून काही असेल. थोडा वेळ ती वाट बघत राहिली. मग तिला कळलं की एवढंच आहे.

"मग केले का आठ?" तिने विचारलं.

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "नाही. त्या दिवशी नंतर गाडी निघालीच नाही."

तिने मान हलवली, दाखवलं तिथे सही केली आणि दुपारची पाळी लागायची होती म्हणून उठून गेली.